उघडी ठेवलेली नोंद

७ ऑक्टोबर
साठी उलटल्यावर नवी नोकरी! सारीबुलाकच्या वंशनोंद कचेरीत आज रुजू झालो. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं इथे येतात. सात पिढ्यांत कुठे रक्त जुळत नाही ना, हे संगणकावर बघून घेतात. रेडिओ दुरुस्त करता करता मी या विद्येत शिरलो, शाळा काही नाही. इथली मुख्य मकपाल, माझ्या लेकीसारखी; मला मानानं ‘अता’, म्हणजे आजोबा म्हणते. बौर्साकचे गरम तळलेले गोळे पुढे करून म्हणाली, अता, आधी खा, यंत्र कुठे पळून जात नाही, मेलं चालतच नाही! सगळे खदखदून हसले. घरी नात बोता वाट बघत होती. मुलगा वारल्यापासून आम्ही दोघंच.

९ ऑक्टोबर
प्रोसेसर सदा शंभर टक्क्यांवर, पंखे नुसते घोंघावतात. चोर सापडला: एकच क्वेरी, नोंदींतून सतत चाललेला शोध. बापावरून मुलाकडे, मुलावरून नातवाकडे जाते आणि प्रत्येक नोंदीवर खूण करते. बापाच्या रकान्याला इंडेक्स, म्हणजे झटकन नाव सापडायची सूची नाही, म्हणून एका नावासाठी लाखो नोंदी पहिल्यापासून चाळत वर्षानुवर्षं रेंगाळते. कुणी सुरू केली, कुणालाच ठाऊक नाही. बंद केली की आपोआप तिथूनच पुढे सुरू. मी इंडेक्स बांधून दिला. शोध सुसाट, पंखे गप्प. मकपाल मला दिवसभर ‘जादूगार म्हातारा’ म्हणून चिडवत होती.

१२ ऑक्टोबर
ती क्वेरी काढते तरी कुणाची नावं, म्हणून सहज डोकावलो. आमचंच घराणं! पणजोबा, आजोबा, वडील. मौज वाटली. मग येस्कालीकाकांच्या नावावर खूण झाली. दुपारी फोन आला. काका चहा पिता पिता गेले.

१३ ऑक्टोबर
आज दाउलेत, माझा थोरला भाऊ. काल काकांच्या घरी धडधाकट होता, मलाच धीर देत होता. आधी खूण, मग फोन. इंडेक्स काढला, पुन्हा उगवला. वेग मीच दिला. याच हातांनी.

१४ ऑक्टोबर
पुढचं नाव माझं. माझ्यानंतर बोता. तिची नोंद पुसली, परत आली. मग सुचलं: माझी नोंद दुरुस्तीला उघडली आणि जतनच केली नाही. दुसऱ्याच्या हाती उघडी असलेली नोंद क्वेरीला मिळत नाही. लॉक. थांबली ती! पण मधूनमधून कळ दाबत राहायला हवं, नाहीतर यंत्र नोंद आपणहून बंद करतं आणि लॉक सुटतो. खुर्ची सोडता येत नाही. दाराला कडी घातली.

१५ ऑक्टोबर
झोप नाही. मकपाल दाराशी. रुसलात काय अता, चहाचं पाणी झालं, म्हणाली. सगळं सांगितलं.  हळू आवाजात म्हणाली, भाऊ गेल्याचा धक्का आहे, उतरेल. डॉक्टरला बोलावते म्हणाली. यंत्रच बंद करून टाकूया म्हणाली. किंचाळलो, नको, यंत्र विझलं की लॉक सुटेल —

१६ ऑक्टोबर
बोताला आणलंय. दारापलीकडे रडते. आजोबा, बाहेर या ना. मकपाल समजावते तिला, रडू नको पोरी, मी खालच्या मजल्यावरचं विजेचं बटण बंद करते, मग येतील बघ ते —
ओरडतोय. ऐकत नाही. मायेनंच करतेय, म्हणून —
पावलं जिन्यावर —
पडदा विझला.
आपोआप उजळतोय. नोंद बंद झालेली. माझ्या नावावर खूण.
खालची ओळ उमटते आहे. ब —
आता कडी कशाला. काढतो. निदान तिला जवळ घेण्याइतका तरी —