रूथच्या लॅपटापची खोळ

९ ऑक्टोबर १९९९, शनवार

रूथ आली नगरहून. नात माझी, पन हाडं दिसायला लागली पोरीची. होस्टेलचं जेवन, दुसरं काय. हुलग्याचे शेंगोळे केले. वाटी चाटून पुसून खाल्ली. जिवाला बरं वाटलं.

कॉलेजात कंप्यूटर थोडे, पोरं लई. पाळीनं बसायचं. म्हनून जुना का हुईना, सोताचा घ्यायचा ठरलंय. तिची शिष्यवृत्ती, माझ्या लेकाचं, विलासचं थोडं, माझा एक बोकड. त्यात बसंल तो. नगरच्या दुकानात दोन हायेत, दोनी वापरलेले. लॅपटाप म्हनत्यात, मांडीवर घ्यायचे. एक मोठा, एक छोटा, आन् भाव सारखाच. मी म्हटलं, मग मोठाच घे की!

"आज्जी, एवढं सोपं असतं तर!"

उद्या चर्च झालं की लगेच परत जानार. प्रोजेक्ट राहिलंय. दर रविवारी हेच.

१० रविवार

गेली. स्टँडवर समजावून सांगितलं तिनं. मोठ्याचा पडदा चौदा इंच, आत जागाबी भरपूर. पन बॅटरी मेलेली, वायर लावल्याबिगर चालत न्हाई, आन् जड. छोटा बारा इंची, बॅटरी चांगली, खांद्याच्या पिशवीत बसतो. पन आतली जागा निम्मी. शिकायचं सगळं त्यात मावत न्हाई.

मी म्हटलं, धान्याच्या कनगीवानी?

"अगदी कणगी."

"मग छोटा घे आन् कनगी मोठी करून घे."

"करून देतात गं. पण मग आपल्या पैशात बसत नाही."

बस हलल्यावर डोक्यात उजेड पडला. हितं तिसगावात लाईट असती कवा? मोठा घेतला तर पोरगी रविवारी नगरलाच बसनार, वायरीपाशी. छोटा घेतला तर शनवारी हितं यील, हितंच काम करील, सोमवारी जाईल.

प्रभू, छोटाच घ्यायची बुद्धी दे तिला. लिहिलं ते लिहिलं. खोडत न्हाई.

१३ बुधवार

चर्चमदी हंगामाचा सन रविवारी. मांडवावरचा भोपळा काढून ठिवला, देवाला द्यायचा. एवढा मोठा कधी झाला नव्हता. काय कमी हाय मला? पाऊस झाला, शेळी धड हाय, नात शिकतीय.

विलासनं ताकीद दिली. "आई, कुठला घ्यायचा त्यात तू बोलू नको. तिचं शिक्षण हाय."

"मी कुठं काय बोलते?"

"तोंड न्हाई बोलत, पन तुझा चेहरा बोलतो."

लेकरू माझंच हाय, वळखतंय.

१६ शनवार

छोटा घेऊन आली! घेतला न्हाई, दोन दिवस वापरून बघायला आनलाय. दुकानदारानं बदल्यात सायकल ठिवून घेतली तिची. काळा, पाटीएवढा, मधनं उघडतो. वीत लावून बघितली मी, दीड वीत भरला.

दिवे लावायच्या टायमाला लाईट गेली. हा चालूच! कंदील पेटवायला उठले तर म्हनली, "राहू दे, दिसतंय." पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर. तिच्या आज्याचं नाक हाय तिला, आज दिसलं.

पन मधूनच उसासा टाकायची. एक काढलं तर दुसरं बसतंय, म्हनाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१७ रविवार

आजचं लिहायलाच पायजे.

सकाळी भोपळा घेऊन निघाले. मनात आलं, पाळकसाहेब सगळ्या दानांवर प्रार्थना करनार, त्यात पोरीच्या यंत्रावर बी हुईल. रूथ गायनाला आधीच गेल्ती. मी लॅपटाप टावेलात गुंडाळला आन् देवाच्या टेबलावर, भोपळ्याच्या मागं ठिवला. प्रार्थना झाली की गुपचूप उचलायचा.

प्रार्थना लई छान झाली. डोळं भरून आलं, पुसत बसले. तवर पोरांनी टेबलावरचं सगळं उचलून लिंबाखाली नेलं. लिलावाला. दरसाली दानं इकून पैसा चर्चला जातो.

लिलाव दाविदरावांकडं. जन्म एस.टी.त कंडक्टरकीत गेला, आवाज अजून तसाच. कोंबडा, अंडी, मूग झाले. मग टावेल सोडला. "ही कसली पाटी हाय? बोला, बोला, मागचे पुढं सरका!"

"पन्नास!" शेजारची मार्थाबाई. काय हाय ते ठावं न्हाई, पन माझा टावेल वळखला हुता. माझ्या घरचं काय बी असलं तर तिला पायजेच.

रूथ पांढरी फटक. "अहो काका, तो आपला नाही! दुकानदाराचा आहे!"

दाविदराव पाळकसाहेबांकडं बघायला लागले. आमच्याकडं टेबलावर ठिवलं ते देवाचं, माघारी जात न्हाई. मागं पाळकसाहेबांचाच चष्मा टेबलावर राहिल्ता, त्यांना बी तो लिलावातच सोडवावा लागला हुता. साहेबांनी चष्म्याला हात लावला आन् म्हनले, "शांताबाई, आता तुम्हीच बोली लावा."

कनवटीला बघितलं. सगळं दानपेटीत टाकलेलं. राहिला हुता सव्वा रुपाया.

"सव्वा रुपाया," मी म्हटलं.

"आधी पन्नासची बोली आलीय," दाविदराव म्हनले. मार्थाबाईकडं सगळ्यांच्या माना वळल्या.

मार्थाबाई म्हनली, "मी कुठं पाटीला म्हटलं? मी कोंबड्याला म्हटलं!"

"कोंबडा तर मघाशीच गेला, तीस रुपायाला."

"मग मी पन्नासला घेते. देवाचंच हाय ना? आना तो कोंबडा!"

काय हसले लोक! कोंबडा ज्यानं घेतला हुता त्यानं तो हसत तिच्या हातात दिला.

दाविदरावांनी लॅपटाप वर धरला. "सव्वा रुपाया एक बार! अरे बोला की, जिभा घरी ठिवून आला का?" कोन बोललं न्हाई. सगळे लिंबाच्या पाल्याकडं बघत हुते. "दोन बार." एक बाळ रडलं, तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठिवला. "तीन बार! शांताबाईचा झाला!"

रूथ गळ्यात पडून रडली. मार्थाबाई कोंबडा काखेत धरून आली. म्हनली, "लई महाग घेतलास गं."

दुपारी तिला शेंगोळे नेऊन दिले. एवढी वरसं भांडतोय आमी. देवा, असे शेजारी दिलेस. आभार.

१८ सोमवार

पहिल्या एस.टी.नं गेली, लॅपटाप घेऊन. सायकल सोडवायची, आन् शुक्रवारपर्यंत दुकानदाराला सांगायचं, छोटा का मोठा. स्टँडवर इचारलं तिनं, "आज्जी, खरं सांग. तुला कुठला आवडला?"

एस.टी. लागलेली. विलास माझ्या चेहऱ्याकडं बघतोय. मी तोंडावर पदर घेतला.

"मला काय कळतंय? तुझं काम ज्यात मावंल तो."

बोलले खरी. घरी येऊन शेळीला सांगितलं खरं काय ते.

२० बुधवार

घेईल तो घेईल, खोळ तर लागंल. गोधडीसारखी शिवायची, एस.टी.त आदळला तरी काय हुनार न्हाई. छोट्याचं माप हाय माझ्याकडं, दीड वीत. कापड अंथरलं, कात्री हातात घेतली. मोठा घेतला असला आन् छोट्या मापाची खोळ बघितली, तर पोरगी काय समजंल?

कात्री ठिवून दिली. विलास टेम्पो घेऊन नगरला चाललाय उद्या. त्याच्याकडं सुतळी दिली. दुकानातल्या मोठ्याचं माप आन म्हटलं. तो बघतच राहिला. मग सुतळी खिशात घातली.

२२ शुक्रवार

खोळ झाली. मोठ्या मापाची. माझ्या निळ्या लुगड्याचा काठ लावला, आत चार पदर. मार्थाबाईनं बटन दिलं, तिच्या नवऱ्याच्या कोटाचं. म्हनली, "हे बी लिलावात काढू नको."

पोरीनं आज सांगितलं असंल दुकानदाराला. काय सांगितलं, ठावं न्हाई. मोठा असला तर खोळीत बरोबर बसंल. छोटा असला तर जरा सैल हुईल, जुनं फडकं घडी घालून ठिवीन आत.

उद्या शनवार, दुपारची एस.टी. शेंगोळ्याचं पीठ दळून आनलंय. दोन दिवसांचं.