वळूपुढचे नारळ

शनिवार, संध्याकाळ

हात धुतले तरी किळस जात नाही. सांगोल्याच्या त्या आबाच्या खिलार वळूपुढे दिवसभर गाईमागून गाय येते, अन् प्रत्येक गाईचा मालक आबाला पैसे मोजून आधी नारळ फोडतो. आज वीर्य तपासलं, तर निव्वळ पाणी. गाई गाभण कशा राहतील?

"आबा, चार दिवस दम खाऊ द्या त्याला," म्हटलं.

"म्याडम, खोट गाईंत हाय. त्यास्नीच इंजेक्शन द्या की!"

अंगणभर सांडलेल्या नारळपाण्याचा आंबूस वास. माणूस इतका हावरट कसा असतो? मी बोलत असतानाच दारात पुन्हा नारळ फुटला. त्या आवाजासरशी वळू मागे सरला, पार दावं ताणेपर्यंत.

गाय तर अजून टेम्पोतून उतरलीही नव्हती.