उसन्या कपबश्यांनिशी झालेल्या गृहभेटीबाबत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
कै. सगुणाबाई ठोसर विद्यार्थी साहाय्य निधी,
शनिवार पेठ, पुणे ३०.

विषय : एम.एस्सी. शिक्षणासाठीचा नामंजूर झालेला अर्ज फेरविचारात घेऊन दुसरी गृहभेट देण्याबाबत, शक्यतो आधी न कळवता.

संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, विशेषतः त्यातील "घरची स्थिती समाधानकारक आढळल्याने साहाय्याची आवश्यकता दिसून येत नाही" हे वाक्य.

महोदय,

१. गृहभेटीच्या दिवशी आपले प्रतिनिधी श्री. दिग्विजय मोकाशी यांच्यापुढे ठेवलेल्या कपाची कड सोनेरी होती आणि बशीची निळी. कपाचा तळ बशीतल्या खळग्यापेक्षा किंचित मोठा होता, त्यामुळे कप बशीत बसला नव्हता, नुसता तोलून राहिला होता. अर्जदार भौतिकशास्त्राची पदवीधर असल्याने तिचे लक्ष सारा वेळ त्या तोलाकडे होते. श्री. मोकाशी यांनी मात्र आपल्या पत्रासोबत आलेल्या अहवालात "चिनी मातीचा उत्तम संच" असे लिहिले. तो संच नव्हता. कप दुर्गाबाईंचे होते आणि बश्या मालनबाईंच्या. दोघी अर्जदाराच्याच मजल्यावर राहतात आणि पाहुणचाराचा अर्धा मान तरी आपल्या घराला मिळावा असे दोघींनाही वाटत होते.

२. अर्जदार, वडील श्री. श्याम आणि आई सौ. वासंती असे तिघे नारायण पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहतात. वडील टंकलेखन यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात भांडारपाल होते. कचेऱ्यांत संगणक आले, यंत्रांना गिऱ्हाईक उरले नाही आणि कारखाना बंद झाला. सध्या ते एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारपर्यंत बसतात. हे सर्व मूळ अर्जात लिहिले होते व ते खरे होते. घोटाळा पुढे झाला, कारण आपण भेटीची तारीख आगाऊ कळवलीत.

३. येथे एका स्थानिक पद्धतीचा खुलासा करणे भाग आहे. अर्जदाराच्या मजल्यावर कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे असले, की सगळ्या बिऱ्हाडांतले चांगले सामान त्या घरात जमा होते आणि पाहुणे जिना उतरले की आपापल्या घरी परत जाते. ही पद्धत अर्जदाराच्या जन्माआधीपासून चालू आहे. भेट कळवणाऱ्या आपल्या पत्रातला "चौकशी" हा शब्द आईने वाचलाच नाही. शनिवार पेठेतून एक गृहस्थ घरी येणार, एवढेच तिने वाचले आणि पद्धतीप्रमाणे कामाला लागली. ते आपली गरज पाहायला येत आहेत, असे अर्जदाराने तिला सांगून पाहिले. त्यावर आई म्हणाली, "मग काय त्यांना फाटक्या चटईवर बसवू? गरज आहे म्हणून रीत सोडायची का?" अर्जदार सोफा धरायला गेली.

४. सोफा शेजारच्या वैजनाथकाकांचा. अहवालातील "संगणक" त्यांच्या पुतण्याचा, म्हणजे सौमित्रचा. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. संगणक आणण्यामागे आईचा विचार पूर्णपणे शास्त्रीय होता : शिकणाऱ्या मुलीच्या घरात संगणक दिसला, की मुलगी खरोखर शिकते हे सिद्ध होईल आणि मदत मिळेल. घरात विजेचा एकच पॉइंट आहे व त्यावर पंखा चालतो, ही अडचण तिने संगणकावर क्रोशाचा रुमाल टाकून सोडवली. वडील त्या संगणकाकडे पाठ करून बसले होते. श्री. मोकाशी यांना ती बेफिकिरी वाटली असल्यास गैरसमज दूर व्हावा.

५. उसन्या वस्तूंबरोबर त्यांचे मालकही हजर राहिले, कारण प्रत्येकाला आपल्या वस्तूची काळजी होती. त्यामुळे अहवालात "कुटुंबाचा गोतावळा मोठा" अशी नोंद झाली. श्री. मोकाशी यांनी बशी टेबलावर जरा जोरात ठेवली तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "अहो, जपून. सहातली आहे." ते सोफ्यावर ऐसपैस टेकले तेव्हा वैजनाथकाका म्हणाले, "टेका, टेका. अस्सल शिसवी आहे. हल्ली पाहायलाही मिळत नाही." घरमालकाच्या थाटात ही वाक्ये कोण बोलत आहे, असा प्रश्न श्री. मोकाशी यांना पडायला हवा होता. परंतु त्या वेळी त्यांच्या हातात शिऱ्याची बशी होती. शिऱ्यातले काजूही मालनबाईंचेच. त्यांनी दुसऱ्यांदा शिरा घेतला याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. आईला त्याचा फार आनंद झाला.

६. अर्जदाराचा स्वतःचा वाटा असा : श्री. मोकाशी यांनी रुमालाकडे बोट दाखवून विचारले, "वापरतेस ना?" अर्जदार म्हणाली, "हो, प्रयोगशाळेत." उत्तर शब्दशः अचूक होते. पदवी परीक्षेत अर्जदाराला अशाच अचूकपणाचे गुण मिळाले आहेत. ते येथे नडले.

७. आपले नामंजुरीचे पत्र आले तेव्हा आईने ते दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होते, हे प्रामाणिकपणे नमूद करणे आवश्यक आहे. "समाधानकारक," असे ती मोठ्याने म्हणाली आणि पत्र दुर्गाबाईंना दाखवायला घेऊन गेली. वडील म्हणाले, "चला, आपलं बरं चाललंय, हे पुण्यात कुणीतरी लेखी दिलं." दुसऱ्यांदा वाचल्यावर आई खाली बसली.

८. अर्जदाराला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. शुल्क या महिनाअखेरपर्यंत भरले नाही, तर जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या विद्यार्थ्याला जाईल. तसे झाल्यास सौमित्रने दुसरी सोय सांगून ठेवली आहे : कानाला यंत्र लावून अमेरिकेतील डॉक्टर जे बोलतील ते टंकलिखित करण्याची नोकरी. टंकलेखनानेच वडिलांना घरी बसवले आणि तेच आता मुलीला घराबाहेर काढील, यात एक प्रकारची समतोल अवस्था आहे. परंतु अर्जदाराला प्रकाशाच्या अपवर्तनावर काम करायचे आहे. ही इच्छा मूळ अर्जात "पुढील शिक्षणाची आवड" अशा शब्दांत मांडली होती. ते शब्द फार सौम्य होते.

९. आपल्या नियमाप्रमाणे फेरविचारासाठी कुटुंबाची परिस्थिती बेताची असल्याचे दोन शेजाऱ्यांचे निवेदन, पालकांच्या संमतीसह, जोडावे लागते. वडिलांनी संमतीवर लगेच सही केली. आईचे मात्र ठरेना. "साऱ्या मजल्याला कळेल," असे ती म्हणत राहिली. मजल्याला ठाऊक आहे, त्याशिवाय का सोफा आणून दिला, असे अर्जदाराने दाखवून दिले. "ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं," आई म्हणाली. मग कधी अमावास्या आली, कधी तिचे डोके दुखले, एकदा पेन सापडले नाही. अर्जदाराने पेन आणून दिले, तर चष्मा सापडला नाही. प्रस्तुत अर्ज उशिरा येण्याचे कारण एवढेच.

१०. तरी दुसरी भेट व्हावी, ही विनंती. या वेळी बसायला चटई मिळेल. तिची उजवी बाजू बरी आहे. चहा स्टीलच्या पेल्यात मिळेल. धातू उष्णता लवकर वाहून नेतो, तेव्हा श्री. मोकाशी यांनी पेला वरच्या कडेला धरावा. शिरा होणार नाही, परंतु आईची खात्री देता येत नाही.

११. शेवटी, आज सकाळी घडलेली गोष्ट. दुसरी भेट होण्याची शक्यता आहे, तीही आधी न कळवता, हे मजल्यावर कळले होते आणि सामान आत्तापासूनच मांडून ठेवलेले बरे, असे ठरले होते. मागच्या वेळी जोड्या जुळल्या नाहीत याचे दुर्गाबाई आणि मालनबाई या दोघींना वाईट वाटत होते. म्हणून या खेपेला दुर्गाबाई कपांबरोबर बश्याही घेऊन दारात आल्या. त्यांच्या मागोमाग मालनबाई बश्यांबरोबर कपही घेऊन आल्या. दोन पूर्ण संच अर्जदाराच्या दारात समोरासमोर उभे राहिले. वैजनाथकाकांनी आपल्या दारातून विचारले, "वासंतीवहिनी, सोफा आत्ता आणू की जेवण झाल्यावर?" मजल्यावरची सगळी दारे उघडी होती. आई हात पुसत उंबऱ्यापर्यंत आली. तिने दोन्ही संचांकडे पाहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"काही आणू नका. आमची परिस्थिती नाही. लिहा तसं कागदावर, मी सही करते."

मजल्याच्या वतीने नव्हे, केवळ स्वतःच्या वतीने,

(सही)
कु. अस्मिता श्याम हुपरीकर
नारायण पेठ, पुणे ३०
दि. १९ जुलै २०००

सोबत : सौ. दुर्गाबाई व सौ. मालनबाई यांचे निवेदन, दोन्ही पालकांच्या सहीसह.