ल्यानयिंगच्या नावाचा कागद

१४ डिसेंबर

ल्यानयिंगच्या हृदयाची शस्त्रक्रिया याच आठवड्यात. धडधड मात्र माझ्याच छातीत जास्त. बायकोने दोनच गोष्टी मागितल्या — शीयुआन विहारात माझ्या नावाचा प्रार्थनेचा लाल कागद लावून या, आणि बरी झाले की तिथले नूडल्स खायला न्या. नूडल्सचं गेल्या हिवाळ्यापासून चाललंय. दर वेळी मी म्हणतो, गर्दी असते.

१६ डिसेंबर

जाऊन आलो. रांगेत पाय सुजले. कागद लिहिला, भिंतीला लावला. मग तिथेच नूडल्स खाल्ले, एकट्याने. वर मशरूम, रस्सा गरम. तिला सांगितलं नाही.

१७ डिसेंबर

घात झाला!

सकाळी शेजारच्या छ्येनकडे चहाला बसलो होतो. मोठ्या ऐटीत सांगत होतो, की ल्यानयिंगच्या कागदाला आईबाबांच्या कागदांशेजारीच जागा मिळाली. छ्येनने पेला खाली ठेवला.

"तुझ्या आईबाबांचे कागद मेलेल्यांच्या भिंतीवर असतात ना रे? मग तिथे लाल कागद कसा लागला?"

लाल नव्हताच तो. पिवळा होता! लाल जित्यांना, पिवळा गेलेल्यांना — आमच्या सूचौ शहरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण दर हिवाळ्यात आईबाबांसाठी पिवळाच उचलत आलो. हात आपला तिकडेच गेला. जित्या बायकोचं नाव मेलेल्यांत लावून आलो, आणि वर नूडल्स खाल्ले.

तसाच धावत गेलो. कागद वाटणारी बाई चांगली. आधी तिला हसू आलं, मग माझं तोंड बघून ते गेलं. तिने एका भिक्षूंना बोलावून आणलं. त्यांनी कागद अलगद सोडवला आणि धुपाच्या भांड्यात जाळला. मी विचारत होतो, वाईट होणार नाही ना, वाईट होणार नाही ना.

ते म्हणाले, "आजोबा, रंगाचं सोडा. लिहिताना मनात काय होतं?"

  मनात रांग होती. नूडल्स संपतील ही धास्ती होती. ल्यानयिंग नव्हती.

लाल कागद लावून परतलो. तोही घाईतच लिहिला.

१९ डिसेंबर

झाली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. मला मात्र तो पिवळा कागदच दिसतो.

५ जानेवारी

ती घरी आली. छ्येनच्या पोटात काही राहत नाही — भेटायला आला आणि कागदाचं सगळं बोलून बसला. मला वाटलं, आता रडेल. ती टाके धरून हसली.

"म्हातारबुवा, आयुष्यात एवढ्या रांगा लावल्या, पण माझी जागा आधी धरून ठेवलीत ती हीच!"

मग म्हणाली, चला, आता नूडल्स. मी म्हटलं, थंडी ओसरू दे.

११ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. पाऊस होता. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, "तुमचा पुढचा आठवडा माझ्यापेक्षा म्हातारा झाला." कागद लावला त्या दिवशी मी एकट्याने खाल्ले होते, हे सांगायचं ओठांवर आलं. गिळलं.

९ मार्च

छान ऊन. पण ती जिन्यातच बसली, दम लागला. रविवारी नक्की. टॅक्सी करीन.

५ एप्रिल

विहारात गेलो. कागद वाटणाऱ्या बाईने ओळखलं. हसून पिवळा गठ्ठा माझ्यापासून दूर सरकवला, लाल पुढे केला. "आजोबा, या वेळी लक्ष माझं आहे."

मी म्हटलं, "नाही बाई. पिवळाच द्या."

मागे लांब रांग होती. सावकाश लिहिलं.