पाव, मांस, गाय आणि कंसातला मजकूर

तीर्थरूप मामांस,

धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे मामींकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. पट्टी निघेपर्यंत वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा हे पत्र ताईने तुम्हाला वाचून दाखवावं. ताई, एकच सांगणं आहे. कंसात जे लिहिलंय ते तू मनातल्या मनात वाच. ते सगळं व्याकरणाचं आहे, मामांना उगाच कंटाळा येईल. (व्याकरणाचं काही नाही. मामांना राग आला की रक्तदाब चढतो आणि डोळ्याला ते बरं नाही, असं मामी म्हणाल्या. हसू नकोस, ते तुझ्याकडे तोंड करून बसले असतील.)

तुम्ही, ताई, जावईबापू, मुलं, सगळे खुशाल असालच. इकडे मामी मजेत आहेत. गोठाही अगदी छान आहे. (गोठा छानच आहे. तांबडी त्यात नाही.)

दर भेटीत तुम्ही मला विचारता की तू नक्की करतोस तरी काय, आणि मी दर वेळी विषय बदलतो. आज सांगतो. फर्निचरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचं कोशाचं कार्यालय आहे. सेमिटिक नावाचं भाषांचं एक कुटुंब आहे. त्यातला कुठला शब्द कुठल्या बहिणीकडे कोणत्या रूपात राहायला गेला, हे आम्ही शोधून लिहितो. आमचे तीन संपादक. त्यांना मी हिब्रूकाका, अरबीकाका आणि गीझकाका म्हणतो (गीझ ही हबशी लोकांची जुनी भाषा; हे मात्र वाचून दाखवलंस तरी चालेल). तिघेही विद्वान, तिघेही हट्टी, आणि नियम असा की तिघांच्या सह्या झाल्याशिवाय एकही नोंद छापायला जात नाही. सोमवारी विश्वस्त येणार आहेत. तोवर हा खंड पुरा दिसला नाही, तर कार्यालय बंद करून जागा खालच्या दुकानदाराला कपाटं ठेवायला द्यायची, असं त्यांचं ठरलंय. तसं झालं तर तिघे काका घरी आणि मीही घरी. मी घरी बसलो की आई काय बोलते हे तुम्हाला माहीत आहे, कारण ती ते तुमच्याकडूनच शिकली.

तर सगळ्या नोंदी झाल्या आणि एकीवर गाडं अडलं. ल, ह, म ही तीन अक्षरं. हिब्रूत 'लेहेम' म्हणजे पाव. अरबीत 'लहम' म्हणजे मांस. गीझमध्ये 'लाहम' म्हणजे चक्क गाय. एका आईच्या तीन लेकींनी माहेरून एकच भांडं नेलं. एकीने त्यात पीठ मळलं, दुसरीने रस्सा शिजवला, तिसरीने त्यात दूध काढलं, आणि आता तिघी म्हणतात की आई त्यात हेच करायची. प्रत्येक काकांचं म्हणणं, मूळ अर्थ आमचाच, बाकीचे मागाहून आलेले. या एका नोंदीपायी तिघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी मला सांगायचे, आणि मीठ शेजाऱ्याच्या कोपरापाशी असायचं.

आता आमच्याकडचा रिवाज सांगतो, कारण घोटाळा तिथेच झाला. नोंद पुरी झाली की त्या शब्दाची वस्तू टेबलावर आणायची, असा कोश सुरू करणाऱ्या जुन्या संपादकांनी घालून दिलेला दंडक आहे; पंडितांना जगाचा विसर पडू नये म्हणून. 'गुडघा' झाला त्या दिवशी तिघे एकेक पाय टेबलावर ठेवून बसले होते आणि मग कोणालाच तो खाली घेता येईना. 'कुत्रा' या शब्दाच्या दिवशी कोणाला इंजेक्शनं घ्यावी लागली ते विचारू नका. अनेक अर्थ असले तर टेबलावर जी वस्तू आधी येईल तो अर्थ क्रमांक एक. मी म्हटलं, आपण जरा डोकं चालवू. तिघांना एकेकटं गाठलं आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं की काका, तुमचीच वस्तू आधी येईल असं मी बघतो, तुम्ही फक्त घेऊन या. (डोकं आमच्या घराण्यात चालतं तेव्हा असंच चालतं. आजोबांनी विहिरीत शिडी सोडली होती तो प्रसंग आठव.)

हिब्रूकाका कुलूप उघडायच्या आधीच पावांची टोपली घेऊन दाराशी उभे. अरबीकाकांनी बोकडाच्या मटणाचा डबा टेबलावर असा आपटला की झाकण उडालं. गीझकाकांची मात्र पंचाईत. माणसाचा जन्म गेला गाईवर टिपणं काढण्यात, पण कासरा कधी हातात धरलेला नाही. म्हणून मी त्यांना तुमच्या घरी नेलं. मामी म्हणाल्या, शब्दासाठी नेताय ना, मग शब्दाला जागा आणि संध्याकाळी आणून बांधा. तांबडी शहाणी. गीझकाकांच्या हातातल्या पेंडीमागोमाग दोन जिने चढली, जणू तिचीच नेमणूक झाली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. तांबडी आत आली आणि तिने अर्थ क्रमांक एक खाऊन टाकला, म्हणजे अर्धी टोपली. अरबीकाका हसले. हिब्रूकाकांनी मुद्रितांची गुंडाळी करून त्यांना हाणली. रस्सा नोंदीवर सांडला, तो पुसायला मी वाकलो, आणि तांबडीने मला प्रेमाने जरा बाजूला केलं. (कंबर अजून शेकतोय.) त्या गडबडीत ती मागे सरकली आणि तिच्या ढुंगणाने जिन्याचं लोखंडी दार चौकटीत असं रुतवलं की ते उघडेना. आत तीन काका, मी आणि गाय, बाहेर जग.

खिडकीतून ओरडून वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो बाहेरून दार कापत होता आणि आत कोणालाच काही करण्यासारखं नव्हतं. भुका लागल्या. उरलेला पाव होता, उरलेला रस्सा होता, आणि दोन्ही वेगवेगळे खायला माणूस फार तत्त्वाचा लागतो. किती वर्षांनी तिघे एका डब्यात जेवले, मामा. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. जेवता जेवता तिघे दाराकडे तीन वेगळ्या सूचना ओरडत होते, म्हणून वेल्डिंगवाला बाहेरून वैतागून म्हणाला, "अहो, हे कापून काढायचंय की जोडायचंय? तुमचं आत आधी एक ठरवा." तेव्हा अरबीकाका पाव बुडवता बुडवता म्हणाले की याच अक्षरांपासून आमच्याकडे जोडकाम करणाऱ्याला लह्हाम म्हणतात. हिब्रूकाका जरा ओशाळून म्हणाले, आमच्याकडे लढाईला मिल्हामा म्हणतात. काही पंडित तीही याच मुळातली धरतात, अंगाला अंग भिडतं म्हणून. मग गीझकाकांनीच वाक्य सांगितलं आणि मी लिहून घेतलं: मूळ अर्थ अन्न, ज्याच्या पुढ्यात जे आलं ते. पहिला क्रमांक कोणालाच नाही.

सह्या झाल्या, दार निघालं, सगळं ठाकठीक आहे. (सह्या दोनच झाल्या. दार निघालं, पण तांबडी जिन्याकडे बघते आणि पाय मागे घेते. गाय जिना चढते, उतरत नाही, हे कुठल्याच कोशात लिहिलेलं नव्हतं. मामींनी हाका मारून पाहिल्या, ढिम्म हलली नाही. ती उतरली तर मामांच्याच आवाजावर उतरेल. गीझकाकांनी पेन खिशात ठेवून दिलंय. म्हणतात, मी तिला चढवलंय, ती सुखरूप खाली गेल्याशिवाय माझा हात चालायचा नाही. सोमवार तोंडावर आलाय. त्यांना घरी बोलायला कोणी नाही गं. इथे दिवसभर तिच्याशी गीझमध्ये बोलतात आणि ती कान हलवते. ती गेल्यावर त्यांना अधूनमधून गोठ्यात येऊ दे, एवढं मामांना तूच सांग.)

कळावे. (न कळावे ते कंसात आहेच.)

तुमचा,
भाचा

ता.क. मामा, हवापालट म्हणून रविवारी इकडे आलात तर बरं वाटेल. डोळ्यांचं काही काम नाही, नुसता आवाज घेऊन या.

ता.क. पुन्हा. आमचा पुढचा शब्द सिंह आहे. काळजी करू नका, तो आपल्या घरी नाही.

ता.क. शेवटचं. ताई, मामांचा चहा झाला असेल तर आता कंसातलंही सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाच. त्याआधी त्यांच्या हाताशी काठी असेल ती उचलून ठेव.