ब्रेकला पाजलेलं खोबरेल

हरेश्वर,

गाडीची चावी माझ्या कमरेला आहे, घरात शोधत बसू नको. मी मासळी घेऊन बाजारात चाललेय.

ब्रेक किंचाळतो म्हणून होडीच्या कप्पीसारखं त्याला खोबरेल पाजलंस, शहाण्या! अरे, ब्रेक चाकाला घासून धरतो, तेलाने तो सटकणारच. लायनर झिजला, बदल मला, म्हणून ओरडत होता तो.

पहाटे डोळा लागला नि स्वप्नात तुझी फियाट आवाज न करता खाडीत उतरत होती. बोयट मासळी काचेला तोंड लावून बघत होती, नि आत मथुरा पोटावर हात ठेवून हसत होती.

नवीन लायनर पडेपर्यंत चाक हलणार नाही. सुनेला बाळंतपणाला माहेरी, मढला, खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या होडीतून ने. पाणी आज सायीसारखं निवांत आहे. चढताना हात धर तिचा, लाजू नको.

तुझी आय