हँडओव्हरची तीन पानं

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ७.४०

ऑफर आली. बायकोने खात्री केली: एकदा चष्मा लावून, एकदा काढून. पगार जवळजवळ दुप्पट. काम तेच, पाण्याच्या पंपांचे सुटे भाग. कंपनी दुसरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. उत्तर पंधरा तारखेपर्यंत, हजर व्हायचं दोन डिसेंबरला.

बायकोचं म्हणणं, यात विचार कसला करायचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, पायऱ्या सत्तावन्न. ती नर्स आहे. दिवसभर वॉर्डात उभी, आणि घरी येताना या पायऱ्या. गुडघ्यांनी दोन वर्षांपासून तक्रार लावली आहे. नव्या पगारात तळमजल्यावर घर मिळेल.

मी म्हणालो, असे निर्णय उभ्या उभ्या होत नसतात. ती म्हणाली, मग बसून घ्या, पण घ्या.

रविवारपर्यंत निर्णय. लेखी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे जाण्याची कारणं, उजवीकडे राहण्याची.

डावीकडे: पगार. तळमजला.

उजवीकडे: खुर्ची, उशीसकट (एकोणीस वर्षांत तिने माझ्या पाठीचा आकार घेतला आहे). खिडकी. ऑफिस घरापासून अकरा मिनिटं चालत. त्यामुळे दुपारी घरी जेवण. त्यामुळे एक वीस ते एक पन्नास जरा डोळा लागणे. साडेचारनंतर कोणी काही विचारत नाही. साडेचारच्या आधीही विशेष नाही. वगैरे. एकूण चौदा.

दोन विरुद्ध चौदा. आकडे खोटं बोलत नाहीत.

मुलीने वही बघितली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. म्हणाली, बाबा, तुमची उशी दोनदा मोजली आहे, एकदा खुर्चीत, एकदा पाठदुखीत. मी म्हणालो, बरं, तेरा धर.

बायको मध्येच तिच्या हॉस्पिटलच्या नव्या शाखेबद्दल काहीतरी सांगत होती. बहुधा क्वार्टर्सबद्दल. मी त्या वेळी दहाव्या मुद्द्यावर होतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

मुख्य मुद्दा राहूनच गेला होता. मी गेलो तर ऑफिसचं काय? जुन्या मॉडेलच्या कोणत्या पंपाला कोणतं गॅसकेट बसतं, हे अख्ख्या कंपनीत फक्त माझ्या डोक्यात आहे. फिटर लोक साइटवरून मला फोन करून विचारतात. मोठा फिटर तर दिवसाआड. आज तीन फोन आले. एक राँग नंबर.

जेवताना कल्पना सुचली. ऑफर साहेबांच्या कानावर घालायची. ते घाबरणार, पगार वाढवणार. म्हणजे तळमजलाही आणि खुर्चीही. साप मरावा पण काठी तुटू नये, ती हीच काठी.

बायकोला सांगितलं नाही. डावपेच समजावून सांगत बसलं, की डाव राहतो बाजूला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मोठा सुस्कारा सोडला. त्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली.

मग दुसरा मार्ग. आमच्या स्टोअरकीपरला सगळे बातमीदार म्हणतात. त्याला अगदी खासगीत सांगितलं, शपथ घालून. तेव्हा अकरा वाजले होते. साडेअकराला वॉचमनने विचारलं, काका, मग पार्टी कधी?

साहेब दिवसभर काही बोलले नाहीत. धक्का पचवत असावेत. गोळी मी खाल्ली. उगाच वाया कशाला घालवायची.

रविवार, १० नोव्हेंबर

निर्णयाचा दिवस. पण साहेबांचा आकडा हातात नसताना निर्णय घेणं अशास्त्रीय ठरेल. पुढे ढकलला.

संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली. मी खुर्चीत बसून जिन्यातली तिची पावलं ऐकत होतो. पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर थांबली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्येही थांबली. हे नवीन आहे. उठून दार उघडून ठेवलं.

आत येऊन म्हणाली, ठरलं का? मी म्हणालो, ठरल्यातच जमा आहे. ती बराच वेळ गुडघ्याला मलम चोळत बसली. मलम संपत आलं आहे. उद्या आणणे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावलं. उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. ही जागा मला लहान पडते आहे, हे त्यांना दोन वर्षांपासून दिसत होतं म्हणे. मी जातो आहे असं मी म्हणालोच नव्हतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण हात त्यांच्या हातात होता. अशा वेळी माणूस काय बोलणार.

राजीनामा तिथेच लिहून दिला. तारीख मुद्दाम घातली नाही, ही माझी खेळी. तारीख साहेबांनी घातली.

घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे एक नियम आहे. जाणाऱ्याने आपल्या कामाचं टिपण लिहायचं, त्याला हँडओव्हर म्हणतात. मग एक दिवस नवा माणूस फक्त ते टिपण वाचून काम करतो आणि जुना माणूस शेजारी तोंड मिटून बसतो. दिवस निभावला, तरच सुटकेचं पत्र. माझ्या बाबतीत दिवस निभावणार नाही. दुपारपर्यंत साहेब स्वतः माझ्या टेबलाशी येतील. तेव्हा आकडा मी सांगेन.

मलम राहिलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

हँडओव्हर लिहायला घेतला. अंदाजे शंभर पानं होतील. आज अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

हँडओव्हर संपला. दीड पान.

अक्षर मोठं केलं. सव्वादोन. खिडकीची कडी आधी वर उचलून मग कशी ओढायची, प्रिंटरला कोणत्या बाजूने थापटायचं, हेही घातलं. तीन झाली. तिसरं भरेना, म्हणून खाली 'समाप्त' लिहिलं.

खरं ज्ञान कागदावर उतरत नाही, हे यावरून सिद्ध होतं. डाव्या ड्रॉवरमध्ये माझी लाल वही आहे. तिच्यात गॅसकेटचे जुने नंबर आणि त्यांच्या जागी चालणारे नवे नंबर आहेत. टिपणात तिचा उल्लेख राहिला. विसरून राहिला असं नाही. राहिला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

नव्या कंपनीला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस. बायकोने वॉर्डातून दोनदा फोन केला. मी म्हणालो, सूत्रं माझ्या हातात आहेत. ती म्हणाली, सूत्रं राहू द्या, होय कळवलंत का?

कंपनीला मेल केला: हँडओव्हर अत्यंत नाजूक अवस्थेत असल्यामुळे मुदत वाढवावी. चार मिनिटांत उत्तर आलं. सोमवार, संध्याकाळी पाच, त्यानंतर नाही. एवढी मोठी कंपनी चार मिनिटांत उत्तर देते, म्हणजे गरज कोणाला आहे ते दिसतंच.

सोमवार, १८ नोव्हेंबर. चाचणीचा दिवस, नोंदी जागेवरून

१०.०५. बिलं करणारी मुलगी माझ्या खुर्चीत. नोकरीत येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली आहेत. मी शेजारी स्टुलावर. नियमाप्रमाणे मोबाइल बातमीदाराकडे जमा. तिने उशी काढून माझ्या हातात दिली. काका, तुम्हाला लागेल म्हणाली.

१०.१५. टिपण वाचून झालं. बाकीची पानं कुठे आहेत, असं तिने विचारलं. तोंड मिटलेलं असल्यामुळे सांगता आलं नाही.

११.१५. मोठ्या फिटरचा फोन. जुनं मॉडेल, गॅसकेट हवं. मी हाताची घडी घातली. आता बघू. तिने स्पीकर लावला आणि विचारलं, दादा, मागच्या वेळी कोणतं बसवलं होतं? त्याने नंबर सांगितला. घडाघडा. तिने लिहून घेतला. मग तो म्हणाला, काका नाहीत वाटतं आज? पटकन झालं. नंबर आम्हाला पाठ आहेत हो, पण काकांना विचारलं की त्यांना बरं वाटतं, म्हणून करतो फोन.

तिने स्पीकर बंद केला. थोडा उशिराच.

११.२०. लाइनमध्ये खरखर होती. नीट ऐकू आलं नसावं.

१२.३०. दिवसाचं काम संपलं. तिने विचारलं, काका, यानंतर तुम्ही काय करता? तोंड मिटून बसायचा नियम चांगला आहे.

४.००. साहेब एकदाही टेबलाशी आले नाहीत. तरी वाट बघायला हवी.

५.३०. मोबाइल परत मिळाला. नव्या कंपनीचे तीन मिस्ड कॉल आणि एक मेल. मुदत उलटली, जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

साहेबांनी पत्र तयार ठेवलं होतं. मी सांगितलं, खूप विचार केला, संस्थेला वाऱ्यावर सोडून जाणं माझ्याने होणार नाही. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. भरून आलं असावं. मग म्हणाले, अहो, पण तिची ऑर्डर निघाली. बिलं आणि सुटे भाग, दोन्ही तीच बघणार.

माणूस चांगला आहे. राजीनामा माझ्यासमोर फाडला. त्याच पगारात ठेवून घेतलं, तिच्या मदतीला. टेबल आणि खुर्ची तिची. स्टूल माझं.

स्टुलाला पाठ नसते. कण्याला ते उलट चांगलं, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

बायकोला सांगितलं. फिटरचा फोन सोडून सगळं. ती दूध तापवत होती. चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही.  मग तिने तिच्या मॅट्रनला फोन लावला आणि नव्या शाखेतली इन्चार्जची जागा घेते म्हणून सांगितलं. दूध वर यायच्या आत फोन संपला. गॅस तिनेच बंद केला.

त्या जागेबरोबर तळमजल्यावर क्वार्टर आहे. दोन महिन्यांपासून ते तिला विचारत होते. मी म्हणालो, मग आधी का नाही घेतलीस? ती म्हणाली, तुमचं ऑफिस लांब पडलं असतं. दुपारी झोप लागते तुम्हाला.

असे निर्णय घाईने घ्यायचे नसतात, असं मी सांगणार होतो. तिने माळ्यावरची खोकी काढायला सांगितली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सामान हलवलं. नवं घर शहराबाहेर. ऑफिसला दोन बस, सव्वा तास. दुपारी घरी येण्याचा प्रश्न नाही.

खोक्यात जुनी वही सापडली. मुलीने उजवीकडचे मुद्दे तपासायला घेतले. खुर्ची, खिडकी, अकरा मिनिटं, घरचं जेवण, डुलकी. एकेक खोडत गेली. शेवटी उशी उरली. म्हणाली, बाबा, ही दोनदा मोजली होती, दोन धरू या. पोरगी आईवर गेली आहे.

बायको दारापासून मागच्या खोलीपर्यंत चालत गेली आणि परत आली. मग पुन्हा गेली. कुठे थांबली नाही. हे घर घ्यायचं माझ्या यादीत पहिल्यापासून होतं, डावीकडे, दुसऱ्या क्रमांकावर. तसं तिला दाखवलं. ती म्हणाली, हो, तुमच्यामुळेच.

काल ऑफिसात त्या बिलंवाल्या मुलीने मला एक शंका विचारली. काका, या खिडकीची कडी कशी काढायची? उत्तर टिपणाच्या दुसऱ्या पानावर आहे. टिपण तिच्यासमोर उघडंच होतं, दुसऱ्या पानावर. मी उठून कडी आधी वर उचलून, मग ओढून दाखवली. मागचा इतिहासही सांगितला. पंधरा मिनिटं लागली. ती मन लावून ऐकत होती. सोमवारी गॅसकेटबद्दल काहीतरी विचारायचं आहे म्हणाली. मला ठाऊक होतं. माझ्याशिवाय अडणारच.

सोमवारी, दोन तारखेला, पहिली बस ७.१० ची. आमच्या मुलीने वेळापत्रकात बघून खात्री केली. उशी दाराशी पिशवीत भरून ठेवली आहे.